पासवर्ड विसरलेल्या मुलीचे वडील

मंगळवार, ४ मार्च

ब्याण्णव फोन! हेडफोननं कानाची पाळी लाल झालीय. शिक्षण-निधीच्या पुढच्या हप्त्याचा अर्ज भरायची मुदत एकतीसला संपते आणि सगळ्या विद्यार्थ्यांचे पासवर्ड नेमके आत्ताच हरवलेत. वर्षभर कोणी खातं उघडून बघत नाही. तहान लागली की विहीर खणायची – दुसरं काय!

एक मुलगा म्हणतो, "मॅडम, पासवर्ड मला आठवतोय, पण खात्यालाच आठवत नाहीये." हसू आवरेना. शेजारच्या टेबलावरची रेडिओ म्हणाली, सांगायचं ना, खात्याला बदाम खायला घाल म्हणून. (तिला सगळं ऑफिस रेडिओच म्हणतं. सकाळी नऊला सुरू होते ती सहाला बंद. तिला माहीत आहे आणि तिला आवडतं.)

दुपारनंतर एका गृहस्थांचा फोन. घसा बसलेला, शब्द जपून जपून. मुलगी आजारी आहे, पासवर्ड विसरलीय, मी तिचे वडील बोलतोय. नेहमीचे तीन प्रश्न विचारले – नोंदणी क्रमांक, जन्मतारीख, आईचं माहेरचं नाव. तिन्ही बरोबर. म्हटलं, आता नोंदवलेल्या मोबाईलवर आकडे येतील ते सांगा. मग म्हणाले, "तो नंबर बंद आहे. दुसऱ्या नंबरवर पाठवता येईल का, ताई?"

येत नाही. मोबाईल बंद असेल तर विद्यार्थ्यानं स्वतः ओळखपत्र घेऊन खिडकीवर यायचं. आई-बाप आले तरी चालत नाही. तसं सांगितलं. रागावले नाहीत. "तुमचं नाव कळेल का?" नावं सांगायची पद्धत नाही, टेबल नंबर सांगितला – अकरा.

नऊ वर्षांत असा शांतपणे 'नाही' ऐकून घेणारा क्वचितच भेटला. लोक आमच्या सात पिढ्या उद्धरतात.


बुधवार, ५ मार्च

चिरंजीवांना काल विचारलं होतं – ताप उतरला का, जेवतोस का नीट, जाड पांघरूण मिळालं का. आज उत्तर आलं. "ओके."

तीन प्रश्नांना एक ओके!


शुक्रवार, ७ मार्च

मुद्दाम टेबल अकरा मागून घेऊन फोन आला. तेच वडील.

आधी वाटलं, परत पासवर्डच मागतील. तर म्हणतात, "ताई, त्या दिवशी मी खोटं बोललो. ती आजारी नाही. ती आठ महिन्यांपूर्वी घर सोडून गेली."

मागं इतर फोन वाजतायत, समोरच्या फलकावर ताटकळलेल्यांचा आकडा चढतोय – सतरा, अठरा. ते सांगत होते, चूक माझीच. तिला शिकायचं होतं, मी नको म्हटलं. शब्दानं शब्द वाढला. सकाळी उठून बघतो तर अंथरूण घडी घालून ठेवलेलं. "घडी घालून गेली हो. रागात गेलेलं माणूस कधी घडी घालतं का?"

हे माझ्या काळजात रुतलं.

"मला खात्यातलं काही नको. आत शिरायचं ते एवढ्यासाठी, की शिक्षण चालू आहे का बघावं. चालू असेल तर ती धड आहे. एवढं कळलं तरी पुरे." म्हटलं, मला नाही सांगता येत. म्हणाले, "माहितीय. तुमच्या नोकरीवर गदा यायला नको." आणि त्यांनीच फोन ठेवला!

नोंदीत लिहिलं – "पालक. माहिती नाकारली." तीन शब्दांत माणूस संपला.


शनिवार, ८ मार्च

घरी सांगितलं. नावगाव काही नाही, नुसती हकिकत. हे हात धूत होते. ग्रीस निघता निघत नाही – लिफ्ट दुरुस्तीचं काम म्हणजे कोपरापर्यंत काळं. म्हणाले, "आमच्याकडं एक नियम आहे. लिफ्ट समोर येऊन थांबल्याशिवाय दार उघडायचं नाही. माणूस कितीही घाईत असू दे, कितीही रडू दे. दार उघडलं आणि समोर लिफ्ट नसली, तर?"

लिफ्ट वेगळी, माणूस वेगळा, असं म्हटलं मी. त्यांनी टॉवेल मागितला.

ह्यांना कधी कोणाची कीव येत नाही असं नाही. पण नियम म्हटला की काळ्या दगडावरची रेघ.


सोमवार, १० मार्च

पुन्हा फोन. सांगायला एवढंच, की त्यांनी आज पहिल्यांदा तिच्या खोलीतला दिवा बदलला. उडालेला होता आठ महिने. "आली तर अंधार नको."

बोलता बोलता मीही बोलून गेले – माझा मुलगाही बाहेर शिकायला आहे, फोन करत नाही, केला तर दोन शब्द. ते म्हणाले, "मग तुम्हाला सांगायला नकोच. तुमचं पोर निदान कुठं आहे ते तुम्हाला माहीत आहे."

खरंच की. मी उगाच त्या 'ओके'वर चिडते.


मंगळवार, ११ मार्च

आज एक चूक केली. इथं लिहिते, दुसरीकडं कुठं लिहिणार!

डब्याच्या सुट्टीआधी त्या मुलीचं खातं उघडलं. काही कारण नसताना. कोण कोणाचं खातं उघडतं ते मागं नोंदलं जातं, सगळ्यांना माहीत आहे, पण इतक्या गर्दीत कोण बघतंय.

चालू आहे. दातांच्या कवळ्या बनवायचा अभ्यासक्रम, पहिलं वर्ष. हजेरी एक दिवस चुकलेली नाही! फोटोत केस कानामागं घट्ट बांधलेले, कॅमेऱ्याकडं बघताना भुवया किंचित आक्रसलेल्या. चोवीस वर्षांची. पालकांच्या रकान्यात फक्त आईचं नाव. वडिलांच्या जागी रेघ.

केवढा तो राग. जिवंत बापाला रेघ करून टाकलं.


गुरुवार, १३ मार्च

आमच्या विभागप्रमुख मॅडमनी सकाळी सगळ्यांना उभं करून सांगितलं. मुदतीच्या दिवसांत कोणीही कोणाच्याही नावानं फोन करतं. भाऊ म्हणवणारा भाऊ नसतो. तीन प्रश्नांची उत्तरं घरातल्या कोणालाही येतात, म्हणून तर आकडे मोबाईलवर पाठवतो. "तुम्ही दयाळू आहात हे मला माहीत आहे. दया घरी ठेवून या."

शेवटचं वाक्य माझ्याकडं बघून म्हणाल्या का? उगाच वाटलं असेल. मनात चोर असला की पानं हलली तरी दचकायला होतं.

जेवताना रेडिओला अंदाज घ्यायला विचारलं – समज, एखादा बाप आहे, त्याला फक्त मुलगी सुखरूप आहे एवढंच हवंय... तिनं घास तोंडात असतानाच उत्तर दिलं. "बापाकडं पोरीचा नंबर नाही म्हणजे पोरीनंच दिलेला नाही. पोरीनं दिला नाही तर आपण कोण देणार?"

एरवी ही बाई बाजारगप्पांशिवाय काही बोलत नाही. आजच कुठून अक्कल पाजळायची आठवण झाली! राग आला मला. तिला मूल नाही, तिला काय कळणार – असंही मनात आलं. आल्या आल्या लाजही वाटली.


शुक्रवार, १४ मार्च

फोन नाही.


रविवार, १६ मार्च

कपडे वाळत घालताना, भांडी लावताना, सारखा तोच विचार. पंचावन्न-साठचा माणूस. एकटा. रोज एका रिकाम्या खोलीत दिवा लावतो. आणि मला माहीत आहे की मुलगी रोज वेळेवर वर्गात जाते, शिकते, ठणठणीत आहे. एका वाक्यानं त्याला झोप लागेल. ते वाक्य माझ्या तोंडात आहे आणि मी ते गिळून बसलेय. कशासाठी? एका कागदावरच्या नियमासाठी!

पासवर्ड तर देत नाहीये. खातं उघडून देत नाहीये. पत्ता नाही, मोबाईल नाही.

चिरंजीवांना फोन लावला. उचलला नाही. नंतर निरोप – "वर्गात होतो." रविवारी कसला वर्ग! जाऊ दे. आहे ना कुठंतरी.


मंगळवार, १८ मार्च

सांगितलं.

ऑफिसच्या फोनवरून नाही, तिथं सगळं रेकॉर्ड होतं. त्यांचा नंबर नोंदीत होता. अकराच्या सुट्टीत मागच्या जिन्यात गेले, तिथं पाण्याचे रिकामे मोठे डबे रचून ठेवतात. त्यांच्या आडोशाला उभी राहून माझ्या मोबाईलवरून लावला. वयात आलेली मुलगी चोरून फोन करते तसं वाटत होतं – या वयात!

म्हटलं, "काका, मी अकरा नंबर. एकच सांगते आणि ठेवते. शिक्षण चालू आहे. हजेरी रोज लागतेय."

ते रडायलाच लागले. पुरुषमाणूस असा हुंदके देऊन रडताना मी पहिल्यांदाच ऐकला. म्हणाले, "रोज? ती तर सकाळी उठायचीच नाही. दहा हाका माराव्या लागायच्या." मी म्हटलं, "आता उठते हो. सकाळचीच बॅच घेतलीय तिनं." – "सकाळची म्हणजे? एवढ्या पहाटे?" – "सातची." – "सात! आणि जाते कुठं एवढ्या लांब?" – "लांब नाही, पुलापलीकडचं केंद्र..." आणि मी जीभ चावली.

ते लगेच म्हणाले, "नको, नको, आणखी काही सांगू नका. तुम्ही अडचणीत याल." किती समंजस! दुसरा असता तर खोदून खोदून विचारलं असतं.

खाली आले. छाती हलकी. एखाद्याच्या डोक्यावरचा हंडा उतरवून द्यावा, तसं.


मंगळवार, तोच दिवस, संध्याकाळी

त्यांचा निरोप. "तुमचे उपकार या जन्मी फिटणार नाहीत."

मी काही पत्ता दिलेला नाही. शहरात पुलापलीकडं पन्नास गोष्टी आहेत. केंद्र मात्र एकच आहे. पण ते बापच आहेत, काही परके नाहीत.


बुधवार, १९ मार्च

आज चिरंजीवांचा फोन! आपणहून! वीस मिनिटं बोलला. खोलीतला जोडीदार घोरतो, प्रयोगशाळेत काचेचं नळकांडं फोडलं, त्याबद्दल ओरडा खाल्ला. ताप तर कधीच उतरला होता. "आई, तू एवढे प्रश्न विचारतेस की कुठल्या प्रश्नाचं आधी उत्तर द्यावं कळत नाही, मग मी ओके लिहितो."

मला तर वाटलं, हे कालच्या पुण्याचंच फळ. दुसऱ्याच्या लेकराची खबर दिली, देवानं माझ्या लेकराची पाठवली. ह्यांना म्हटलं तसं – अर्थात कालचं न सांगता. नुसतं, पोराचा फोन आला, देव आहे म्हणून. ते म्हणाले, देव आहे आणि त्यानं पोराच्या फोनचा रिचार्ज केलाय.


शुक्रवार, २१ मार्च

काकांना निरोप पाठवला – "भेट झाली का?" उत्तर नाही. संध्याकाळी फोन लावला. बंद.

भेट झाली असणार. बाप-लेक भेटल्यावर मधल्याची आठवण कोणाला राहते! गरज सरो वैद्य मरो. मला वाईट वाटायचं कारण नाही. थोडं वाटलं.


सोमवार, २४ मार्च

परत तिचं खातं उघडलं. शेवटचंच, असं ठरवून.

बंद पडलंय! शनिवारी पाच वेळा चुकीचा पासवर्ड घातला कोणीतरी आणि खात्याला कुलूप लागलं. म्हणजे आता पोरगी खरोखरच विसरली! आधी बापानं खोटं सांगितलं, आता ते खरं झालं. मनातल्या मनात हसले. एकतीसच्या आत येईल धावत.

आजची हजेरी मात्र नाही. अकरा तारखेपर्यंत एकही दिवस चुकला नव्हता.

घरी गेली असेल चार दिवस. सुट्टी घेतली असेल बापासाठी.


बुधवार, २६ मार्च, दुपारी

खिडकीवर बसायची पाळी आज माझी होती. डब्याच्या सुट्टीत हे लिहितेय, कारण संध्याकाळपर्यंत धीर धरवणार नाही.

ती आली!

फोटोपेक्षा बारीक. पिशवी पाठीला नाही, पोटाशी धरलेली. नखांत पांढरं प्लास्टर भरलेलं – कवळ्यांचे साचे करतात त्याचं असावं. रांगेत माझ्यासमोर पोचेपर्यंत चारदा वळून दाराकडं बघितलं. ओळखपत्र सरकवलं आणि नंबर वाचायच्या आधीच मी ओळखलं. काय सांगू – माझीच भाची आल्यासारखं वाटलं!

"खातं बंद झालंय. मी नाही केलं. माझा पासवर्ड मला पाठ आहे."

सगळे असंच म्हणतात. म्हटलं, होतं असं, विसरायला होतं. म्हणाली, "मी विसरलेली नाही." तुटकच. मी ओळख तपासली, कुलूप काढलं, नवा पासवर्ड घालायला यंत्र तिच्याकडं वळवलं. तिनं दोन बोटांनी, एकेक अक्षर शोधत घातला. सहीला तर इतका वेळ लावला की मागचा माणूस खाकरला.

मग म्हणाली, "केंद्र बदलायचंय. आणि मोबाईल. आजच." वर्षाच्या मध्ये केंद्र बदलायला कारण लेखी द्यावं लागतं, मी सांगितलं. "वैयक्तिक," म्हणाली. वैयक्तिक चालत नाही. ती ओठ चावत उभी राहिली. मग खिडकीशी वाकून हळू म्हणाली, "गेटवर एक माणूस येऊन थांबतो. सातला. गुरुवारपासून. मी मागच्या दारानं निघाले. सोमवारपासून गेलेच नाही."

काका! बिचारे रोज पहाटे उठून पुलापलीकडं जातायत, पोरीला लांबून बघतायत, आणि पुढं व्हायची हिंमत होत नाही. आणि ही मागच्या दारानं पळतेय.

राहवलं नाही मला. 'तुम्ही'वरून 'तू'वर आले. म्हटलं, "बाळा, कधी कधी ते आपलंच माणूस असतं. मोठ्या माणसालाही चुकीची लाज वाटते. एकदा बोलून बघ. एक फोन कर घरी."

ती माझ्याकडं बघतच राहिली. रागानं नाही. माझं बोलणं कुठल्या भाषेत चाललंय ते कळत नसल्यासारखं. मग म्हणाली, "कारण काय लिहू ते सांगा."

अर्ज दिला, ओळखपत्राची प्रत काढून तीनला परत ये म्हटलं. खाली बाकावर बसलीय. इथून डोकं दिसतं. पाठ भिंतीला, तोंड दाराकडं.

एवढीशी पोर, पण काळीज दगडाचं. बाप तिथं झुरतोय.

तीनला आली की बाजूला घेऊन समजावते. सांगते, तुझ्या खोलीत दिवा लावतात ग ते रोज.


बुधवार, तोच दिवस, संध्याकाळी

तिचे वडील ती सातवीत असताना वारले.

गेटवर उभा राहतो तो तिचा नवरा. त्यानं दारात बोटं चिरडली होती तिची, कॉलेजचा अर्ज भरला म्हणून. सही करायला वेळ लागतो तो त्यामुळं.

दिव्याचं सांगितल्यावर तिनं शांतपणे विचारलं, "कोण लावतं?" आणि मग सगळं बाहेर पडलं.

मॅडमच्या केबिनमध्ये मीच नेलं तिला. जिना, फोन, तारीख – सगळं लेखी दिलं, खाली सही केली. माझा हेडफोन काढून घेतला. उद्यापासून यायचं नाही, पुढचं चौकशीत ठरेल. मॅडम स्वतः तिला गाडीत घालून पोलिसांकडं गेल्या. तिथून तिच्या मैत्रिणीच्या घरी, गावाबाहेर. रेडिओ तिची पिशवी धरून बरोबर गेली – एक शब्द न बोलता.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. मारलं असतं तरी चाललं असतं. मी सगळं सांगत होते तेव्हा ती नुसती ऐकत होती. शेवटी एवढंच विचारलं –

"वेळसुद्धा तुम्हीच सांगितलीत?"

हो म्हटलं. वेळसुद्धा.